म्हातारा, ज्येष्ठ आणि सीनियर : वृद्धत्ववाचक शब्दांचा अर्थेतिहास
(लॅटिन व मराठी शब्दांच्या तुलनेतून)

प्रस्तावना

समाज आपल्या वृद्धांना कोणत्या नावाने हाक मारतो, यावरून त्या समाजाने वार्धक्याला कोणते स्थान दिले आहे हे कळून येते. राजवंशांचा इतिहास ताम्रपटांत व बखरींत सापडतो. वार्धक्याचा इतिहास मात्र बराचसा शब्दांतच जपला गेला आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ही गोष्ट विशेष जाणवते. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येथे आली आणि तिच्याबरोबर नोकरी, बढती, सेवासमाप्ती या कल्पनाही आल्या. 'सीनियर', 'पेन्शनर', 'रिटायर्ड' हे शब्द येथील घराघरांत इतके रुळले की इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीच्या तोंडीही ते सहज येतात. त्याच घरात 'आबा', 'आप्पा', 'नाना' ही संबोधनेही आहेत आणि राग आला की 'म्हातारा' व 'डोकरा' हे शब्दही आहेत.

प्रस्तुत निबंधाचा हेतू या शब्दांच्या मुळाशी जाऊन त्यांच्या अर्थांत काळाच्या ओघात झालेले बदल तपासणे हा आहे. इंग्रजीच्या मार्गाने आपल्याकडे आलेल्या वृद्धत्ववाचक शब्दांपैकी महत्त्वाचे शब्द मूळचे लॅटिन आहेत. लॅटिन व संस्कृत या भाषांचे मूळ एक असावे, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. पुढील दोन शतकांच्या तौलनिक भाषाशास्त्राने तो सिद्ध केला. त्यामुळे लॅटिन शब्दांशी तुलना करताना आपण परक्या घरात डोकावत नसून आपल्याच दूरच्या भाऊबंदांकडे जात असतो. या तुलनेतून एक प्रश्न पुढे येतो : वृद्धाचा मान त्याच्या वयामुळे होता, की वयाबरोबर हाती असणाऱ्या अधिकारामुळे? शब्दांचा इतिहास या प्रश्नाला जे उत्तर देतो ते आपण समजतो तितके सुखावह नाही.

'सेनेक्स' आणि त्याचे गोत्र

लॅटिनमध्ये वृद्ध पुरुषाला 'सेनेक्स' म्हणत. त्याचे तुलनात्मक रूप 'सेनिऑर', म्हणजे 'अधिक वयाचा'. आपला 'सीनियर' तो हाच. 'सेनेक्स'पासूनच 'सेनातुस' हा शब्द झाला. रोमची ही सभा नावाप्रमाणे वृद्धांची मंडळी होती. स्पार्टातील 'गेरूसिया' या सभेचे नावही 'गेरोन', म्हणजे वृद्ध, या ग्रीक शब्दावरून पडले. तिच्यात दोन राजांखेरीज साठी उलटलेले २८ सदस्य असत. मुंबई विद्यापीठाच्या १८५७ च्या स्थापनेबरोबर 'सिनेट' हा शब्द आपल्या शिक्षणव्यवस्थेत आला. पुढे त्याला 'अधिसभा' हा पर्याय मिळाला. या पर्यायात अधिकार तेवढा उरला आणि वय गळाले. भाषांतराने अजाणता केलेली ही निवड पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

'सेनेक्स'चा संस्कृत सहोदर म्हणजे 'सन'. 'जुना' या अर्थाचे हे विशेषण ऋग्वेदात आढळते आणि 'सनातन' या शब्दात ते आजही जिवंत आहे. ('इसवी सन' यातील 'सन' हा अरबी शब्द असून त्याचा येथे संबंध नाही.) 'सीनियर' आणि 'सनातन' एकाच मुळाचे आहेत हे ऐकताना नवल वाटते. पण दोन्हींचा प्रवास भिन्न दिशांनी झाला. भारतात हे मूळ माणसाला सोडून धर्म, तत्त्व, परंपरा यांना चिकटले. रोममध्ये ते माणसापाशीच राहिले व सत्तेपर्यंत पोहोचले.

'सेनिऑर'ची पुढील वाटचाल अधिक बोलकी आहे. मध्ययुगीन युरोपात जमीनदाराला, सरंजामदाराला 'वडीलधारा' या अर्थाने 'सेनिऑर' म्हणू लागले. त्यातून फ्रेंच 'सेन्यर', इटालियन 'सिन्योरे', स्पॅनिश 'सेन्योर' आणि पोर्तुगीज 'सेन्योर' ही रूपे झाली. फ्रेंचमधील 'सिर' हे संक्षिप्त रूप इंग्रजीत जाऊन 'सर' झाले. आज आपल्या महाविद्यालयांत पंचविशीतील नवनियुक्त अध्यापकालाही विद्यार्थी 'सर' म्हणतात, तेव्हा शब्दशः ते त्याला 'अधिक वयाचा' असेच म्हणत असतात. वयवाचक शब्द एकदा अधिकारवाचक झाला की त्याला वयाची गरज उरत नाही.

रोममध्येही 'सीनियर'चा अर्थ केव्हाच काटेकोर झाला होता. नागरिकांच्या शतकवार सभेत १७ ते ४५ वर्षांचे पुरुष 'युनिओरेस' आणि ४६ ते ६० वर्षांचे 'सेनिओरेस' अशी लष्करी विभागणी असे. म्हणजे शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस 'सीनियर' होई, आणि या शब्दाचा संबंध हातापायांतील बळाशी कमी व सैन्यातील नोंदीशी अधिक होता. महाराष्ट्रात १९७५ नंतर नव्या आकृतिबंधानुसार 'ज्युनिअर कॉलेज' व 'सीनियर कॉलेज' ही विभागणी रूढ झाली, तेव्हा हीच रोमन जोडी आपल्या फलकांवर आली.

'महत्तर' ते 'म्हातारा'

आता मराठीतील सर्वांत परिचित शब्द घेऊ. 'म्हातारा' हा शब्द संस्कृत 'महत्तर' यापासून आला, असे व्युत्पत्तिकोश सांगतात. 'महत्' म्हणजे मोठा आणि 'तर' हा तुलनात्मक प्रत्यय. म्हणून 'महत्तर' म्हणजे 'अधिक मोठा'. दख्खनमधील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान जाहीर करताना राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट इत्यादींच्या बरोबरीने 'महत्तर' यांना उद्देशून आज्ञा केलेली आढळते. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी राष्ट्रकूटांवरील आपल्या ग्रंथात (१९३४) या ग्राममहत्तरांची, म्हणजे गावकारभार पाहणाऱ्या प्रमुख गृहस्थांची, चर्चा केली आहे. 'म्हात्रे' हे आडनावही याच शब्दाशी जोडले जाते. त्या काळी एखाद्याला 'महत्तर' म्हणणे हा सन्मान होता, कारण राजाज्ञा त्याच्या नावे निघत असे.

पुढे राज्यव्यवस्था बदलली. गावच्या कारभारात पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतने स्थिरावली आणि 'महत्तर' हे पद लोपले. पद गेले, पण शब्द गेला नाही. महत्तर बहुधा वयस्क असत. त्यामुळे मानाचा अंश झडून गेल्यावर वयाचा अंश तेवढा शब्दात उरला. आज 'म्हातारा' हा शब्द कोणाच्या तोंडावर वापरणे अशिष्ट समजले जाते आणि 'म्हातारचळ' या शब्दात तर उपहासच आहे.

येथे लॅटिन व मराठी यांची उलटसुलट जोडी दिसते. 'सेनिऑर' हा मूळचा वयवाचक शब्द चढत जाऊन धनी, स्वामी, 'सर' झाला. 'महत्तर' हा मूळचा अधिकारवाचक शब्द उतरत येऊन 'म्हातारा' झाला. दोन्ही शब्द तुलनात्मक रूपे आहेत, दोन्ही गावाच्या वा राज्याच्या कारभारातून गेले, आणि दोन्हींचे भवितव्य त्यांना अधिकाराचा आधार किती काळ लाभला यावर ठरले.

ही तुलना एका तिसऱ्या शब्दाने पूर्ण होते. लॅटिन 'मागिस' म्हणजे 'अधिक', आणि त्यापासून झालेला 'मागिस्टर' म्हणजे 'अधिक मोठा', प्रमुख, शिक्षक. लॅटिन 'मागिस' व 'माग्नुस' आणि संस्कृत 'महत्' यांचे मूळ एकच. 'मागिस्टर'च्या शेवटचा 'टर' आणि 'महत्तर'मधील 'तर' हे प्रत्ययही एकाच कुळातले. हाच 'मागिस्टर' युरोपीय भाषांतून 'मास्टर' होऊन आपल्याकडे आला व 'मास्तर' झाला. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'मास्तर' आणि 'म्हातारा' ही दोन चुलतभावंडे होत. शाळेने एकाची प्रतिष्ठा राखली. दुसऱ्याची राखणारी संस्थाच नाहीशी झाली.

वाढलेला, झिजलेला, वर्षांचा

वार्धक्याकडे पाहण्याच्या तीन भिन्न दृष्टी या शब्दकुळांत आढळतात. पहिली दृष्टी वाढीची. 'वृद्ध' हा शब्द 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूपासून झाला. वृद्ध म्हणजे 'वाढलेला'. प्राकृतातून येताना त्याचे 'बुढा', 'बुढ्ढा' झाले. इंग्रजी 'ओल्ड' या शब्दाच्या मुळाशीही पोसले जाणे, वाढणे हाच अर्थ आहे आणि लॅटिन 'आल्तुस' (उंच) हा त्याचाच आप्त आहे. मराठी 'वडील' हा शब्द 'मोठा' या अर्थाच्या प्राकृत 'वड्ड'पासून आला. आज तो प्रामुख्याने पित्यासाठी वापरला जातो. परंतु मराठेशाहीच्या वतनविषयक कागदपत्रांत 'वडीलपण' हा भांडणाचा विषय होता. वतनदार घराण्यातील थोरली शाखा कोणती, पानविड्याचा व पहिल्या मानाचा हक्क कोणाचा, हे त्यावर ठरे. तेथे 'वडील' असणे म्हणजे अंगावर वर्षे असणे नव्हे, तर वतनात अग्रक्रम असणे होय.

दुसरी दृष्टी झीज दाखवते. 'जॄ' या धातूपासून 'जरा', 'जर्जर', 'जीर्ण' हे शब्द झाले आणि मराठीतील 'जुना' हा शब्दही याच कुळातला. ग्रीक 'गेरोन' त्याचा सहोदर. त्यापासून 'जेरोंटॉलॉजी' हा शब्द मेचनिकॉफ यांनी १९०३ मध्ये आणि 'जेरिअॅट्रिक्स' हा शब्द इग्नाट्झ नाशर यांनी १९०९ मध्ये प्रचारात आणला. म्हणजे वार्धक्याच्या आधुनिक शास्त्राने आपले नाव झिजणाऱ्या देहाच्या कुळातून घेतले. लॅटिन 'सेनेक्स'पासूनच झालेला 'सिनाइल' हा शब्दही वैद्यकात जाऊन बुद्धिभ्रंशाचा वाचक झाला. एकाच मुळापासून 'सिनेट' आणि 'सिनाइल' निघावेत, यात वार्धक्याविषयीचे दोन टोकांचे अनुभव एकत्र आले आहेत. 'साठी बुद्धी नाठी' आणि 'जुने ते सोने' या आपल्या दोन म्हणींतही तेच द्वैत आहे. फरक इतकाच की दुसरी म्हण माणसांपेक्षा वस्तूंना व रूढींना अधिक लावली जाते.

तिसरी दृष्टी वर्षे मोजणारी. लॅटिन 'वेतुस' म्हणजे जुना; त्यापासून 'वेतेरानुस', म्हणजे मुरलेला सैनिक, आणि आजचा 'व्हेटरन'. याचे मूळ 'वर्ष' या अर्थाचे आहे. संस्कृतात तेच मूळ 'वत्सर', 'संवत्सर' आणि 'वत्स' या शब्दांत दिसते. 'वत्स' म्हणजे वर्षाचे वासरू, पुढे लाडके मूल. एकाच वर्षवाचक मुळापासून रोमने म्हातारा शिपाई घडवला आणि आपण लेकरू.

मोठ्या-धाकट्याची ही भाषा माणसांपुरती राहिली नाही. फार्सी 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, वयस्क. मुसलमानी अमलातील महसुली दप्तरातून तो मराठीत 'बुद्रुक' होऊन आला व गावांच्या नावांना जडला. रावेर तालुक्यातील विवरे बुद्रुक आणि विवरे खुर्द ही जोडी घेतली तर त्यांचा अर्थ थोरले विवरे आणि धाकटे विवरे असाच होतो. सरकारी कागदांवर 'बु.' आणि 'खु.' लिहिताना आपण गावांना वडीलपण बहाल करत असतो.

चांगदेवांचे कोरे पत्र

वय आणि अधिकार यांची फारकत झाली तर काय करावे, हा पेच खानदेशच्या भूमीशी निगडित असलेल्या एका कथेत फार नेमकेपणाने मांडला गेला आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव भुसावळपासून फार दूर नाही. परंपरेनुसार योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयाचे होते. मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे तर ज्ञानाने ते मोठे. 'तीर्थरूप' लिहावे तर ते वयाने पोर. अखेर त्यांनी कोरेच पत्र पाठवले. त्याचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्या 'चांगदेव पासष्टी' या नावाने प्रसिद्ध आहेत. पुढे वयाने सर्वांत लहान असलेल्या मुक्ताबाईंना चांगदेवांनी गुरू मानले. मुक्ताबाईंचे समाधिस्थान मेहूण येथे, याच परिसरात आहे.

कथेतील वर्षांच्या संख्येचा शब्दशः विचार येथे अभिप्रेत नाही. महत्त्वाचे हे की मराठी पत्रलेखनाच्या रीतीला मोठेपण एकच ठाऊक होते आणि ही कथा त्या रीतीला उत्तर नसलेला प्रश्न विचारते. संस्कृत व्याकरणाने मात्र हे द्वैत आधीच नोंदवले होते. पाणिनीने 'ज्येष्ठ' या रूपाचा संबंध 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य आणि 'वृद्ध' म्हणजे वयस्क अशा दोन्ही शब्दांशी स्वतंत्रपणे जोडला आहे. 'ज्येष्ठ'मध्ये दोन भिन्न मोठेपणे आहेत आणि ती एकाच माणसात असतीलच असे नाही, याची ही दखल होय. बौद्ध परंपरेतील 'स्थविर' (पाली 'थेर') या पदातही वर्षे मोजली जात, पण ती जन्मापासूनची नव्हेत. संघात प्रवेश झाल्यापासूनची. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील लेखात उल्लेखलेला अचल हा असाच एक स्थविर. आजच्या 'सेवाज्येष्ठता यादी'चे तत्त्व याहून वेगळे नाही.

तोलून दिलेले वेतन

लॅटिनमधून आलेला आणि आपल्या जीवनावर सर्वाधिक परिणाम करणारा शब्द म्हणजे 'पेन्शन'. 'पेन्देरे' म्हणजे तोलणे. धातूचे चलन तोलून दिले जाई म्हणून त्याचा अर्थ 'देणे चुकते करणे' असाही झाला आणि त्यातून 'पेन्सिओ', म्हणजे देय रक्कम, हा शब्द आला. या मुळात दया नाही, हिशेब आहे. सम्राट ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र लष्करी कोश स्थापला. वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर पाच टक्के आणि लिलाव-विक्रीवर एक टक्का कर त्यासाठी बसवला. सेवा पूर्ण करणाऱ्या सैनिकाला बारा हजार सेस्टर्स मिळत. अशा सैनिकाला 'एमेरितुस', म्हणजे सेवा पूर्ण करून आपले देणे कमावलेला, म्हणत. विद्यापीठांतील 'एमेरिटस' प्राध्यापक तो हाच. त्याचा 'गुणश्री' हा मराठी पर्याय सुंदर असला तरी 'कमावलेला' हा अर्थ त्यात उतरलेला नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा शब्द प्रथम ठळकपणे येतो तो पराभवाच्या संदर्भात. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली व वार्षिक आठ लक्ष रुपयांच्या पेन्शनवर तो बिठूरला गेला. १८५१ मध्ये त्याच्या निधनानंतर ते नानासाहेबांना नाकारण्यात आले. दिलेले देणे हक्काचे की कृपेचे, हा वाद तेव्हाच उपस्थित झाला होता. रेल्वेत प्रारंभी भविष्यनिर्वाह निधीची पद्धत होती. नोव्हेंबर १९५७ पासून पेन्शन योजना लागू झाली. भुसावळच्या अनेक कुटुंबांचे स्थैर्य या निर्णयाशी निगडित आहे. केंद्रीय सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने रुजू झालेल्यांना जुनी व्यवस्था लागू राहिली नाही; अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकही त्यात आले. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संपाची घोषणाच 'जुनी पेन्शन' ही होती. केंद्राची एकीकृत पेन्शन योजना १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. 'जुनी' हा झिजण्याच्या कुळातील शब्द आणि 'पेन्शन' हा तोलण्याच्या कुळातील शब्द येथे एकत्र आले, आणि जुनेपण क्वचितच दिसते तसे हवेहवेसे झाले.

'ज्येष्ठ नागरिक' : मान की मोजमाप?

'सीनियर सिटिझन' हा शब्दप्रयोग १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रचारात आला. मराठीत त्याचा 'ज्येष्ठ नागरिक' झाला. येथे व्याकरणाची एक गंमत घडली : लॅटिन 'सीनियर' तुलनात्मक आहे, तर 'ज्येष्ठ' सर्वोत्तमवाचक. भाषांतरात वृद्धांची एक पायरी बढती झाली. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये १ ऑक्टोबर हा वृद्धांचा आंतरराष्ट्रीय दिन ठरवला, १९९९ मध्ये भारताचे राष्ट्रीय धोरण आले आणि पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये कायदा झाला. या कायद्याने साठ वर्षे ही मर्यादा घातली व मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा मार्ग खुला केला.

परंतु योजनागणिक हे वय बदलते. रेल्वेच्या तिकीटसवलतीत पुरुषांसाठी साठ व स्त्रियांसाठी अठ्ठावन्न वर्षे ही मर्यादा होती. ती सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. एस. टी.च्या अर्ध्या तिकिटासाठी पासष्ट आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या मोफत प्रवासासाठी पंचाहत्तर वर्षे लागतात. श्रावणबाळ योजनेला पासष्ट, तर ऑक्टोबर २०२४ पासूनच्या विस्तारित आयुष्मान योजनेला सत्तर वर्षे लागतात. एकच व्यक्ती एका खिडकीवर ज्येष्ठ असते आणि दुसऱ्या खिडकीवर नसते. रोमच्या 'सेनिओरेस'प्रमाणे हा शब्दही आता नोंदवहीचा झाला आहे.

या शब्देतिहासात स्त्रिया कोठे आहेत, हेही पाहिले पाहिजे. लॅटिनमध्ये वृद्धेला 'आनुस' हा वेगळाच शब्द होता. त्यापासून कोणतीही सभा वा पदवी निर्माण झाली नाही, झाले ते 'म्हाताऱ्या बायकांसारखे' या अर्थाचे हेटाळणीचे विशेषण. मराठीत 'आजी' हा शब्द 'आर्यिका'पासून, म्हणजे आदरणीय स्त्री या अर्थापासून आला, ही जमेची बाजू. पण वतनाच्या वडीलपणात तिला स्थान नव्हते. नोकरीतील पेन्शनही मुख्यतः पुरुषांच्या सेवेवर उभे राहिले. शेतात व घरात आयुष्यभर राबलेल्या स्त्रीचे काम कोणत्याही तराजूत तोलले गेले नाही.

निष्कर्ष

१. लॅटिन व मराठी या दोन्ही परंपरांत वृद्धत्ववाचक शब्दांचा मान अधिकारपदाशी जोडलेला होता. अधिकार टिकला तेथे शब्द चढला ('सेनिऑर' ते 'सर'), अधिकार गेला तेथे उतरला ('महत्तर' ते 'म्हातारा').

२. पूर्वी वृद्धांना निरपवाद मान होता, ही समजूत शब्दांच्या इतिहासाला मान्य नाही. वतन, सभा वा संघ यांच्या आत असलेल्यांना मान होता. बाहेरच्यांसाठी 'डोकरा' व 'थेरडा' हे शब्द होतेच.

३. नव्या संज्ञा जुन्या संज्ञांची जागा घेत असल्या तरी केवळ नाव बदलल्याने स्थान बदलत नाही. 'ज्येष्ठ नागरिक' या शब्दामागे निर्वाहाची हमी राहिली नाही तर 'म्हातारा' या शब्दाची वाट त्यालाही चालावी लागेल.

४. या सर्व शब्दांत 'पेन्शन' हा एकच शब्द वय किंवा अधिकार यांपैकी कशावरही न विसंबता केलेल्या कामाच्या मोबदल्यावर उभा आहे. म्हणून वार्धक्याचा विचार आदराच्या भाषेपुरता न ठेवता हक्काच्या भाषेत करावयाचा असेल, तर या शब्दाची व्याप्ती वाढवावी लागेल. कागदोपत्री नोकरी नसलेला शेतमजूर, हमाल आणि गृहिणी यांचे श्रमही त्यात तोलले जातील काय, हा यापुढील अभ्यासाचा, आणि अभ्यासापलीकडचाही, विषय आहे.